शाळेचा डबा शेतातच पिकतो

(शेतकरी बंधू-भगिनींसाठी रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे मुलांचा शाळेचा डबा. हे ऐकून काही बंधू म्हणतील, "हे बायकांचं काम. आमच्या कांद्याचं काय ते बोला." आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतील. तसं करू नका. डबा भरते घरची बाई हे खरं, पण त्या डब्यात काय पडणार हे ठरतं तुमच्या शेतात; पेरणीच्या वेळी आणि माल बाजारात नेताना. म्हणून आजचं बोलणं तुम्हा दोघांसाठी आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. गेल्या हिवाळ्यात एका गावच्या हायस्कूलमध्ये मुलींशी आहाराबद्दल बोलायला गेले होते. मधल्या सुट्टीत मुली चिंचेखाली गोल करून डबे उघडून बसल्या. नववीतली एक मुलगी मात्र लांब, भिंतीच्या कडेला बसली होती. डबा मांडीवर, पण झाकण बंद. हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. सकाळी प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन खाली बसली होती ती हीच. मी जवळ जाऊन विचारलं, "काय गं, डबा का नाही खात?"

ती खाली बघून म्हणाली, "बाई, माझ्या डब्यात काळी भाकरी असते. मुली हसतात."

"मग डब्याचं काय करतेस?"

"एसटीच्या थांब्यावर कुत्र्याला घालते."

त्या मुलीच्या घरची बाजरी. बापानं पेरलेली, आईनं खुरपलेली. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच रानातून आली होती. ती म्हणाली, "पहाटं पाचला उठून भाकरी करते बाई. सांजच्याला डबा रिकामा बघते आन् जिवाला बरं वाटतं, पोरीनं खाल्लं म्हणून."

मी त्या माउलीला काय सांगणार? पण तेव्हाच ठरवलं की डब्याविषयी एकदा सगळ्या बंधू-भगिनींशी बोलायचं.

भाकरी कमी प्रतीची नाही

पहिली गोष्ट. ज्या भाकरीची मुलांना लाज वाटते, ती भाकरी काही हलकं अन्न नाही. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलीग्रॅम लोह असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलीग्रॅमसुद्धा भरत नाही. नाचणीचं पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते १२० च्या आसपास. हाडं आणि दात घडतात ते या कॅल्शियमवर. २०२३ हे साल तर सगळ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. जग ज्या धान्याकडे वळतंय, ते आपल्या कणगीत आहे, आणि आपली मुलं ते कुत्र्याला घालताहेत.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे दर दहांतल्या सहा जणी. वाढीचं वय, पाळी सुरू झालेली, सकाळी कपभर चहा, दुपारी पुडा, आणि संध्याकाळी सहाला घरी आल्यावर जेवण. मग प्रार्थनेला भोवळ येईल, फळ्यावरचं डोक्यात शिरणार नाही, धावताना धाप लागेल. आपण म्हणतो, पोरगी आळशी आहे. पोरगी आळशी नसते, उपाशी असते.

डबा कुणाला लागतो

तुम्ही म्हणाल, शाळेत तर जेवण मिळतं. खरं आहे. केंद्र सरकारनं १९९५ मध्ये शाळेतल्या आहाराची योजना सुरू केली, आणि २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं शिजवलेलं अन्न मिळतं. ते मुलांनी जरूर खावं. पण नववी-दहावीची मुलं? ती तालुक्याला किंवा मोठ्या गावाला एसटीनं जातात. विनाअनुदानित शाळेत जाणारी लहान मुलं? त्यांना डबाच. सकाळी साडेसातला भरलेला डबा दुपारी एक-दीडला उघडतो. सबंध दिवसातलं एक पुरं जेवण त्या डब्यात असतं. म्हणून तो उरल्यासुरल्याचा भरून चालत नाही.

चार घास

आता डबा कसा भरायचा ते पाहू. ध्यानात राहावं म्हणून चार घास सांगते: पोटाचा घास, बळाचा घास, रक्ताचा घास आणि आवडीचा घास.

पोटाचा घास म्हणजे भाकरी, पोळी, थालीपीठ, धिरडं, दशमी. यानं भूक भागते, अंगात ताकद येते.

बळाचा घास म्हणजे कडधान्य, डाळ, शेंगदाणे, अंडं. यानं अंग भरतं, मूल वाढतं. मटकी, मूग, चवळी, हरभरा, कुळीथ, जे तुमच्या भागात पिकतं ते.

रक्ताचा घास म्हणजे पालेभाजी, आणि तिच्या जोडीला लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा. ही जोडी महत्त्वाची आहे. धान्यातलं आणि भाजीतलं लोह आपल्या अंगी सहज लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांत जे क जीवनसत्त्व असतं, ते सोबत असलं म्हणजे लोह अंगी लागतं. आणि चहानं उलटं होतं. जेवणाला लागून चहा घेतला की लोह वाया जातं. म्हणून मुलांना जेवणाच्या आगेमागे तासभर चहा देऊ नका.

आवडीचा घास म्हणजे गंमत. शेंगदाण्याचा लाडू, नाचणीचा लाडू, तिळाची वडी, राजगिऱ्याची चिक्की, बोरं, उसाचे करवे. हा घास अगदी छोटा. पण त्याच्यासाठी मूल डबा उघडतं.

जपानात मुलांच्या आणि कामावर जाणाऱ्यांच्या डब्याला बेंतो म्हणतात. त्या डब्याला खण असतात. एका खणात भात, दुसऱ्यात मासा किंवा अंडं, तिसऱ्यात रंगीत भाज्या, सगळं थोडं थोडं आणि नीट मांडलेलं. तिथल्या कित्येक आया भाताला सशाचं नाहीतर पिलाचं रूपही देतात. आपल्याला भाताचा ससा करत बसायला सवड नाही. पण खणांची युक्ती आपल्या घरात आहेच. आपला मिसळणाचा डबा आठवा. हळद, तिखट, मोहरी, जिरं, ज्याची त्याची वाटी. तसंच शाळेच्या डब्याचं करायचं. स्टीलच्या चपट्या डब्यात दोन छोट्या वाट्या बसवा. एकीत उसळ, दुसरीत भाजी, उरलेल्या जागेत भाकरी-पोळीच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात लाडू. नवा डबा विकत घ्यायची गरज नाही. भाजीचं पाणी भाकरीत उतरत नाही, लोणच्याचं तेल लाडवाला लागत नाही, आणि झाकण उघडताच चार रंग दिसतात. फक्त लिंबू, लोणचं, चिंच असं आंबट ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी डब्यात घालू नका. स्टीलच बरं.

लाज कशी जाईल

आता त्या काळ्या भाकरीचं. मुलांना "हसू देत, तू खा" असं सांगून उपयोग होत नाही. त्या वयात चारचौघींत हसं होणं फार लागतं. तेव्हा भाकरीचं रूप थोडं बदलावं.

पहिला उपाय थालीपीठ. भाजणी एकदा करून ठेवा. ज्वारी १ किलो, बाजरी अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडीद पाव किलो, तांदूळ पाव किलो आणि धने १०० ग्रॅम. सगळं वेगवेगळं खमंग भाजून, गार करून दळून आणा. सकाळी त्यात चिरलेला कांदा आणि मेथी, पालक किंवा शेवग्याचा पाला घालून पीठ भिजवा. मोठं थालीपीठ न थापता तळहाताएवढी छोटी छोटी थापा. एका तव्यावर तीन-चार बसतात. पोटाचा, बळाचा आणि रक्ताचा घास एकातच आला.

दुसरा उपाय दशमी. पूर्वी गावाला जाताना दशम्या बांधून न्यायची रीत होती, कारण त्या मऊ राहतात आणि लवकर विटत नाहीत. पीठ दुधात किंवा गुळाच्या पाण्यात भिजवायचं. लहान मुलांना गुळाची दशमी फार आवडते.

तिसरा उपाय गुंडाळीचा. पोळी किंवा पातळ भाकरी गरम असताना तिला तूप नाहीतर तेल लावा, वर चटणी किंवा कोरडी भाजी पसरा, गुंडाळा आणि दोन तुकडे करा. मधल्या सुट्टीत मुलांना खेळायची घाई असते. हातात धरून खाता येईल असा घास लवकर खाल्ला जातो.

भाकरीच द्यायची तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, नीट मळा, आणि भाकरी पातळ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. मग दुपारपर्यंत ती वाळून पापड होत नाही. बाजरीचं पीठ मात्र आठवड्याला पुरेल एवढंच दळा. दळून जास्त दिवस ठेवलं की ते कडवट होतं, आणि मग मुलं म्हणतात भाकरी कडू. त्यांचं चुकत नाही.

प्रत्येक भागाची आपली चव आहे, तीच डब्यात जाऊ द्या. सोलापूरकडं शेंगदाण्याची चटणी, विदर्भात जवसाची, कुठं कारळ्याची, कुठं तिळाची. खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, मराठवाड्यात धपाटे, कोकणात घावन. चमचाभर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी म्हणजे नुसतं तोंडी लावणं नाही, तो बळाचा घास आहे. तिखट मात्र मुलांच्या बेतानं घाला.

शेंगदाण्याबद्दल एक सावधगिरी. सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले दाणे निवडून टाका. त्या बुरशीत विष असतं आणि दाणे भाजले तरी ते जात नाही. चांगला दाणा बाजाराला आणि खराब दाणा घरच्या चटणीला, असं कधीही करू नका.

सकाळची घाई

आता भगिनी म्हणतील, बाई, सांगायला सोपं आहे. पहाटे धार काढायची, झाडलोट, पाणी, स्वयंपाक, आठला रानात पोचायचं. चार घास कधी करू?

बरोबर आहे. म्हणून अर्धं काम रात्री करा. मटकी किंवा मूग आदल्या दिवशी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधून टांगा, उजाडेपर्यंत मोड येतात. मोडाची उसळ कच्ची देऊ नका, नीट शिजवा, पाणी आटवून कोरडी परता. पालेभाजी रात्रीच निवडून ठेवा. चटणी आणि लाडू आठवड्यातून एकदा करून बरणीत भरा. ही चटणी-लाडवाची बरणी घरात असली की निम्मा डबा तयार असतो.

आणि बंधूंनो, इथं तुमचंही काम आहे. भाजी निवडायला, दाणे सोलायला पुरुषाचे हात चालतात. पाचवी-सहावीच्या पुढची मुलं आपला डबा आपण भरू शकतात. मुलगी असो वा मुलगा, रात्री जेवण झाल्यावर एवढं विचारा, "उद्या डब्यात काय नेशील? मटकी का चवळी?" ज्यानं स्वतः निवडलं, तो टाकत नाही. आणि डबा घरी आला की रिकामा आहे एवढंच पाहू नका. जवळ बसवून विचारा, काय खाल्लं, काय आवडलं, काय टाकलं. रागावू मात्र नका. रागावलात तर पुढच्या वेळी डबा वाटेतच रिकामा होईल.

डबा विटू नये म्हणून

डबा पाच-सहा तास बंद राहतो. उन्हाळ्यात तेवढ्यात अन्न आंबतं. म्हणून हे नियम पाळा.

गरम अन्न डब्यात घालून लगेच झाकण लावू नका. वाफेचं पाणी होतं आणि भाकरी चिकट होते. ताटात पसरून, पातळ फडकं झाकून निववा, मग भरा.

रस्सा, पातळ वरण, ओल्या खोबऱ्याची चटणी, आदल्या रात्रीचा भात डब्यात देऊ नका. कोरडं द्या.

अंडं पूर्ण उकडा आणि सालासकट द्या. मूल शाळेत सोलून खाईल.

मार्च-एप्रिलच्या उन्हात उसळ आणि अंडं टाळा. त्या दिवसांत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चटणी आणि दशमी बरी.

फळ शक्यतो अख्खं द्या: केळं, पेरू, बोरं. चिरून ठेवलेलं फळ काळं पडतं आणि त्यावर माश्या बसतात.

जेवणाआधी हात साबणानं धुवायची सवय लावा. आणि डबा घरी आल्याबरोबर घासा. झाकणाच्या खाचेत राहिलेला कण उद्याचं अन्न नासवतो.

आणखी एक गोष्ट, अगदी काळजीनं सांगते. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही चकचकीत असला आणि कितीही वेळा धुतला, तरी त्यात मुलांना पाणी किंवा खाऊ देऊ नका. मोकळं झालेलं भांडं तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि भांड्याला भोक पाडून ते निकामी करा. मुलांच्या हाती पडेल असं ठेवू नका. भाजीवर फवारणी केली असेल तर किती दिवस माल तोडायचा नाही हे लेबलवर छापलेलं असतं. ते दिवस बाजाराच्या मालासाठी आहेत, तसे घरच्या डब्यासाठीही आहेत.

किती राखायचं

आता हिशेब. हा भाग बंधूंनी नीट ऐकावा.

नववी-दहावीच्या एका मुलाच्या डब्याला रोज १०० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरी, ३० ग्रॅम कडधान्य आणि २० ग्रॅम शेंगदाणे धरा. एवढ्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. सहावी ते आठवीच्या मुलांच्या शालेय आहाराला सरकारनं जे माप ठरवलं आहे, तेही २० ग्रॅमच आहे. म्हणजे आपला डबा त्या तोलाचा झाला. शाळेचे वर्षाचे २२० दिवस धरले, तर धान्य लागलं २२ किलो, कडधान्य साडेसहा किलोच्या वर थोडं, आणि शेंगदाणे साडेचार किलोच्या आत. सगळं मिळून ३३ किलो. एका क्विंटलचा तिसरा हिस्सा. एका मुलाच्या वर्षभराच्या डब्याला एवढंच!

पण होतं काय? खळ्यावरून सगळी मटकी, सगळा मूग, सगळ्या शेंगा बाजारात जातात, कारण हाताला पैसा हवा असतो. मग वर्षभर मुलाच्या हातावर रोज पाच रुपये ठेवायचे. २२० दिवसांचे झाले ११०० रुपये. त्या पैशात तो तेल, मीठ आणि मैदा खातो. विकलेल्या शेंगा आणि विकत घेतलेला पुडा यांचा हिशेब एकदा घरी बसून मांडा. मग सुगीतच मुलांच्या नावानं एक वेगळी कोठी भरा. कडधान्य कडक उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोठीवर मुलाचं नाव लिहा. घरात कितीही नड आली तरी त्या कोठीला हात लावायचा नाही, असं ठरवा.

परसदारी एक शेवगा, एक लिंबू, एक पेरू आणि कढीपत्त्याचं झाड लावा. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन वाफे पालक-मेथीचे आणि एक गाजर-मुळ्याचा होतो. बांधावर तूर, चवळी येते. चार कोंबड्या असल्या तर अंड्याचा प्रश्न सुटला. जमीन नसलेल्या घरालाही शेवग्याचं एक झाड लावता येतं, आणि शेवग्याचा पाला हा रक्ताचा आणि हाडांचा, दोन्हीचा घास आहे.

आठवड्याचा डबा

नमुना म्हणून आठवडा सांगते. यात आपापल्या पिकाप्रमाणे फेरबदल करा.

सोमवार: भाजणीची छोटी थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी, गाजराच्या फोडी, तिळाची वडी.

मंगळवार: मेथी आणि मूगडाळीची कोरडी भाजी घालून पोळीच्या गुंडाळ्या, लिंबाची फोड, केळं.

बुधवार: ज्वारीची पातळ भाकरी, मटकीची सुकी उसळ, कांदा-लिंबू, गूळ-शेंगदाणे.

गुरुवार: हरभऱ्याच्या पिठाची, कोथिंबीर घातलेली धिरडी, जवसाची चटणी, पेरू.

शुक्रवार: पोळी, पालकाची कोरडी भाजी, उकडलेलं अंडं, अंडं न खाणाऱ्यांना फुटाणे, नाचणीचा लाडू.

शनिवारी शाळा अर्धी असते: गुळाची दशमी, भाजलेले शेंगदाणे आणि मोसमातलं फळ. जूनमध्ये जांभळं, हिवाळ्यात बोरं, हरभऱ्याचे घाटे.

पहिली-दुसरीच्या मुलाला याच्या निम्मं पुरे. भरपूर भरून अर्धं परत येण्यापेक्षा बेताचं भरावं आणि चाटूनपुसून संपावं.

डबा म्हणजे औषध नव्हे, हेही सांगते. मुलगी सारखी थकत असेल, तोंड फिकट दिसत असेल, धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती चुकवू देऊ नका. उपाशीपोटी मात्र घेऊ नये, जेवण झाल्यावर घ्यावी.

आता त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. तिच्या आईला कुत्र्याची गोष्ट मी सांगितली नाही. ती लेकीनंच सांगितली, चुलीजवळ बसून, रडत. आई क्षणभर गप्प बसली. मग एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचं न्हाई व्हय गं?" दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून भाजणी भाजली. तपासणीत मुलीचं रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. वडिलांनी मटकीचं एक मोठं डबडं भरून बाजूला ठेवलं आणि त्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. ती चिंचेखाली, गोलात बसलेली. मला बघून म्हणाली, "बाई, आईला सांगा ना, दोन थालीपिठं जास्त घाल. निम्मी याच खातात."

मी म्हटलं, "मी कशाला? तूच सांग. तिला ऐकायला बरं वाटेल."

बंधूंनो, भगिनींनो, आज रात्री जेवणं झाली की मुलांना जवळ बसवा आणि डब्याची चौकशी करा. आणि येत्या सुगीला खळं उचलायच्या आधी मुलांची कोठी भरा. तुमच्या भागात डब्याला काय करतात, मुलांना काय आवडतं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.

नमस्कार.